रामटेकेकाकांना न सापडलेली चूक

रामटेकेकाका कोणत्याही छापील आकड्यावर विश्वास ठेवत नसत. आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. तिथल्या प्रत्येक थर्मामीटरला, प्रत्येक वजनाला त्यांनी दोऱ्यानं कागदाचा एक तुकडा बांधलेला असे. ‘अर्धा अंश जास्त’, ‘दोन मिलिग्राम कमी’, असं त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं असे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, कारखानेवाले चुकीचं कशाला छापतील? काच पुसता पुसता ते म्हणाले, “छापणारा वेगळा, मोजणारा वेगळा. दोघं एकमेकाले भेटतच नाहीत, पोट्टी.”

रायपूरच्या त्या कॉलेजात सगळा कारभार हिंदीत. माझे वडील रेल्वेच्या ऑफिसात होते, आमचं मूळ गाव गोंदियाकडचं. मी मराठी बोलते हे कळल्यावर काका माझ्याशी घरच्या भाषेत बोलायला लागले. उंच, सडपातळ माणूस. शर्टाच्या बाह्यांची बटणं उन्हाळ्यातही लावलेली. शहरातल्या टिकरापाऱ्यात ते आणि काकू दोघंच राहत, मूलबाळ नव्हतं. मॅट्रिकच्या पुढं शिकता आलं नव्हतं, पण प्रयोग सगळे तोंडपाठ. प्राध्यापक अडले की काकांकडे बघत. काका मात्र वर्गमूळ आलं की थांबत आणि वही माझ्याकडे सरकवत. “एवढं तू काढ. चुकली तर मले दिसन, पण काढता नाही येत.”

रविवारी सकाळी ते विमानतळाच्या रस्त्यावरच्या रायफल क्लबात जात. तिथल्या रायफली साफ करणं, टार्गेट लावणं हे काम त्यांच्याकडे होतं. मी नेमबाजी शिकायला लागले ती त्यांच्यामुळेच. इतकी वर्षं रायफली हाताळून त्यांनी स्वतः कधी टार्गेटवर गोळी झाडलेली नव्हती. एकदा मी कारण विचारलं. नळीतून चिंधी ओढत ते म्हणाले, “नेम नाही धरता येत असं नाही. कोणी धर म्हटलं नाही.” आणि पुढची रायफल उचलली.

नवं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. शहरभर पाट्या बदलत होत्या, जुन्या इमारतींत नवी खाती बसत होती. नव्या राज्याचा स्वतःचा नेमबाजीचा संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. त्यासाठी काडतुसांची नवी खोकी आली. क्लबच्या सचिवांनी ती आमच्यासमोर फोडली. प्रत्येक खोक्यावर गोळीचा वेग छापला होता, सेकंदाला अमुक मीटर. आम्ही मुली तो आकडा कौतुकानं वाचत होतो. काकांनी एक खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि ठेवून दिलं.

त्या खोक्यांपासून माझे गुण घसरले. दोन गोळ्या मधोमध लागत आणि तिसरी सरळ खाली, सहाच्या नाहीतर सातच्या वर्तुळात. डावी नाही, उजवी नाही, खालीच. सचिव म्हणाले की निवडीचं दडपण आलंय, श्वासावर लक्ष दे. मी तीन आठवडे श्वासावर लक्ष दिलं. मग एका रविवारी रायफल खाली ठेवून रडायला लागले. काका टार्गेटचे कागद घेऊन शेजारी बसले. एकेका भोकावर बोट ठेवून त्यांनी ते पाहिले.

“तुयं बोट चुकलं असतं तर गोळी इकडंतिकडं बी गेली असती,” ते म्हणाले. “हे खाली खालीच पडून राहिली. म्हणजे ते हळू जाते. सगळ्या नाही, काही काही.”

मग त्यांनी ठोकळा केला. सागाच्या लाकडाचा, चार दोऱ्यांवर लटकवलेला. समोरून गोळी झाडली की ती लाकडात रुतायची, ठोकळा मागे झुलायचा आणि मागच्या पट्टीवर एक पुठ्ठा ढकलायचा. पुठ्ठा जिथं थांबला तिथून गोळीचा वेग काढता येतो. हा प्रयोग आम्हाला पुस्तकात होता, कॉलेजात कुणी केलेला नव्हता. ठोकळा आणि गोळ्या तोलायला काकांनी प्रयोगशाळेचा तराजू सायकलच्या कॅरिअरला चादरीत गुंडाळून आणला. सराव संपल्यावर, दोन रविवार, आम्ही मोजत बसलो. जुन्या खोक्यातल्या गोळीनं ठोकळा दरवेळी जवळपास सारखाच मागे जाई. नव्या खोक्यातली गोळी कधी नखभर कमी पडे, कधी चांगली बोटभर. खोक्यावर छापलेला वेग तर त्यातल्या एकाही गोळीला गाठता आला नाही. आकडे काका वाचत, वहीत मी लिही. वर्गमुळं मी काढली. शेवटी काकांनी मला खाली सही करायला लावली, मग स्वतः केली. दोघांच्या सह्या जवळ जवळ पाहून ते खूश झाले होते.

वही त्यांनी सचिवांना नेऊन दिली. आठ दिवसांनी आम्हा दोघांना क्लबच्या ऑफिसात बोलावलं. काडतुसं पुरवणाऱ्या फर्मचा माणूस तिथं बसला होता. तो हसून विचारत होता की आता लॅबचा चपराशी दोऱ्याला लाकूड बांधून आमचा माल तपासणार का. काका दाराशी उभे होते, त्यांना खुर्ची कुणी दिली नाही. सचिव माझ्याशी फार गोड बोलले. ही तक्रार वर गेली तर माल परत जाईल, यंदा संघच जाणार नाही, आणि तुझं नाव तर यादीत पहिलं आहे, असं त्यांनी समजावलं. शेवटी कोरा कागद पुढं सरकवून म्हणाले, “सोच लो, बेटा.”

मी एकोणीस वर्षांची होते. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, त्याचा उपयोग होत नाही. मी कागदावर लिहिलं की मोजमापात चूक झाली होती, आणि खाली सही केली. चूक झालेली नव्हती. प्रत्येक आकडा मी दोनदा तपासला होता.

काकांनी तो कागद वाचला. त्यांना राग आलेला दिसला नाही, ते गोंधळले होते. मला त्यांनी विचारलं, “कोणती चूक, बाई?” मला बाई ते पहिल्यांदाच म्हणाले.

त्यांचं क्लबातलं काम गेलं. परवानगीशिवाय तराजू बाहेर नेला म्हणून कॉलेजकडं तक्रार झाली आणि महिन्याभरात त्यांची बदली बस्तरकडच्या एका कॉलेजात झाली. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती. काकू टिकरापाऱ्यातच राहिल्या. मी स्पर्धेला गेले. तिथं बाहेरची चांगली काडतुसं देऊ असं सचिव म्हणाले होते, पण खोकं उघडलं तर तीच. आमच्या संघातल्या सगळ्यांच्या गोळ्या खाली पडल्या. आम्ही नवखे आहोत म्हणून सचिवांनी सगळ्यांना माफ केलं. परत आल्यावर मी रायफल हातात घेतली नाही.

वर्षभरानं काका मला गोल बाजारात भेटले. रजेवर आले होते आणि एकट्याच्या स्वयंपाकासाठी लहान पातेलं शोधत होते. मी भांड्यांच्या दुकानाआड होणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. पोट्टी म्हणूनच. बरेच वाळले होते. माझ्या परीक्षेचं विचारलं, बाबांचं विचारलं. मग पातेलं काखेत धरून म्हणाले, “तिथं मी ठोकळा पुन्हा लटकवला. रायफल नाही, पण दोरे मोजले, वजनं पाहिली. तू चूक हाय म्हटली तं असनच. तू समोर होती, तू उगाच नाही म्हणणार. पण मले ते सापडून नाही राहिली. दोऱ्यात हाय का वजनात, तेवढं सांग.”

ते मला टोमणा मारत नव्हते. त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला होता. पहिल्या सहीवर ठेवला तसाच दुसऱ्या सहीवरही. वर्षभर हा माणूस स्वतःची चूक शोधत होता.

घरी येऊन सांगते, एवढं मी म्हणाले. ते म्हणाले, “हव, ये. मंगळवारपर्यंत हावो मी.” सोमवारी मी निघाले, टिकरापाऱ्याच्या वळणापर्यंत गेले आणि परतले. पुढच्या खेपेला सांगू असं ठरवलं. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी आजारी असल्याचा निरोप पाठवला. त्यानंतरच्या थंडीत, तिकडच्या भाड्याच्या खोलीत, सकाळी उठताना ते गेले.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काकांचा फोटो ठेवला होता, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. काकू एकट्याच होत्या. त्या मला आधी कधी भेटल्या नव्हत्या, पण नाव सांगताच ओळखलं. म्हणाल्या की ते तुझी वाट पाहून राहिले होते, तुझ्यासाठी चिवडा आणून ठेवला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. चूक झालीच नव्हती, आकडे बरोबर होते, मी खोटं लिहून दिलं. मी थांबल्यावर काकूंनी पदराचा काठ बोटांनी सारखा केला.

“इकडं आले का रात्ररात्र उठून बसत,” त्या म्हणाल्या. “म्हणे कुठं चुकलो, कुठं चुकलो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “एकडाव सांगाले पाहिजे होतं तू. झोप तं लागली असती त्यायले.”