सहा इथे, सहा तिथे

माझ्या क्रिप्टोची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते ज्याच्या हाती, पैसे त्याचे. आगीपाण्यात टिकावेत म्हणून ते स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्यायला मी गिरगावात भांड्यांवर नावं घालणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्याला सहाच शब्द दिले. जीभ दातांत धरून तो एकेक अक्षर कोरत होता आणि मी त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून होतो.

पट्टी बाहीला पुसत त्याने विचारलं, “बाकीचे दादरला कोरणार ना?”

मी पाकीट काढलं.

“हल्ली सगळे असंच करतात. चाळीस वर्षं लग्नाच्या भांड्यांवर नावं घातली, साहेब. असं पहाऱ्याला कुणी बसलं नव्हतं.”

मला लाज वाटली. तरी पैसे दिले आणि उरलेले सहा शब्द खिशात घेऊन दादरची बस पकडली.