पोस्टरवाली मानसी

मानसीला उंबऱ्याबाहेर थांबणं ठाऊकच नव्हतं. आमच्या दिघ्याच्या खोलीत शिरली की सरळ ओट्यापाशी, टोपावरचं झाकण उचलून, "मावशी, आज काय?" मला ही पोरगी पहिल्यापासून आवडली नाही. आजही आवडत नाही.

माझी बायको सुमन मानसीच्या कॉलेजात ठेकेदाराकडून झाडलोट करायची. संडास हिनं धुवायचे, पण वापरायचे नाहीत. दिवसभर पाणी न पिता राहायची. हे मानसीला कळलं आणि कॉलेजच्या पोरांनी मोहीम काढली. "काका, हा हक्काचा प्रश्न आहे," हे तिचं पालुपद. मी म्हणायचो, "हक्क तुला परवडतो. आमाला पगार लागतो."

मग कॉलेजच्या भिंतीवर सुमनचा फोटो लागला. खाली लिहिलेलं, 'आम्ही धुतो, आम्हालाच बंद.' ठेकेदारानं तो बघितला आणि म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

मानसी धावत आली. मी दारातच धरली. "हिचं तोंड झाकायचं कळलं नाही? तुझं काय गेलं? तू पेपर देऊन पास होशील, हिनं काय करायचं?"

आतून सुमनच ओरडली, "अवो, तिच्यावर काय डाफरता? ती झाकतच होती. मीच म्हनले, चोरी केली का मी, तोंड झाकायला?"

पोरं गेटवर बसून राहिली. शेवटी संडास कामावरच्या सगळ्या बायांना खुले झाले. सुमनचं काम मात्र गेलं ते गेलंच. मानसी तिला खुले झालेले संडास बघायला हट्टानं घेऊन गेली. सुमन ठेवणीतली साडी नेसली होती. वॉचमननं अडवलं, "कामावर नाही त्याला आत सोडत नाय." मानसी त्याच्याशी भांडत राहिली. ही गुपचूप रिक्षात येऊन बसली.

पुढं सुमन आजारपणात गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलायला मानसी उठली. "मावशी जिंकल्या..."

"खोटं बोलू नको," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "गेटवरून परत आली ती."

बसलेली माणसं चुळबुळली. एकानं माझा हात दाबला. मानसी म्हणाली, "हो काका. परत आल्या. मीच नेलं होतं." आणि बायांमध्ये जाऊन बसली.

आता ती कामोठ्याला राहते, नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी फोन करते. "जेवलात का?"

"तुला काय करायचंय?"

मग ती मावशींचं काहीबाही सांगत बसते. मी हूं की चूं करत नाही. फोनही ठेवत नाही. सुमनचं नाव काढणारं आता दुसरं कोण आहे?