नळ बंद करणारा पाव्हणा

दुबईच्या मासळी बाजारात एवढा गलका असतो की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. तिथं मासे साफ करून देणारा एक जण आपल्या जतचा आहे. पाच वर्षं मी त्याच्याकडे जातोय, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. तो मला 'सातारकर' म्हणतो, मी त्याला 'पाव्हणं'.

बाकीच्यांचे नळ दिवसभर धो धो वाहत असतात. हा मात्र एक मासा धुतला की नळ बंद करतो आणि दुसऱ्यासाठी पुन्हा उघडतो. सगळे त्याला हसतात. "टँकरच्या गावचा हाय मी," एवढंच तो म्हणतो.

यंदा कोरेगावहून आई-अण्णा आले, तेव्हा त्यांना बाजार दाखवायला नेलं. आईनं नाकाला पदर लावला. अण्णांना मात्र गावाकडचा माणूस भेटल्याचा कोण आनंद!

"आरं, जतला कालव्याचं पानी आलंय की! माझ्या साडूच्या रानात ऊस हुबा हाय. कशाला हितं मासं कापतोस? जा की माघारी."

त्याची सुरी थांबली.

"ठावं हाय, अण्णा. आमच्याच बांधाला आलंय. रान इकलं, त्याच्या म्होरल्या सालीच."

मग मान खाली घालून तो आमचा मासा धुवायला लागला. मासा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी तो धूतच राहिला. नळ बंद करायला मी हात पुढं केला, पण धीर झाला नाही.