अप्पर हटमधले लिश्टनस्टाइन

लिश्टनस्टाइनविषयी तिथल्या राजापेक्षा आमच्या मेहुणीच्या सासऱ्यांना जास्त माहिती होती, हे मी जबाबदारीने सांगतो. लहानपणी त्यांच्या हाती तिथले एक पोस्टाचे तिकीट आले, आणि निवृत्त होऊन ते मुलाकडे न्यूझीलंडमधल्या अप्पर हट शहरात येईपर्यंत अख्खा देश त्यांच्या डोक्यात मुक्कामाला आला होता. मोज्यांवर जँडल्स नावाच्या रबरी चपला चढवून ते डेअरीत दूध आणायला जात. दुकानदाराने "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला की हे त्याला कोडे घालत: समुद्र नसलेला, आणि शेजाऱ्यांनाही समुद्र नसलेला युरोपातला देश कोणता? दुकानदाराला उत्तर पाठ झाले होते. घरी जेवताना "पंचवीस खासदारांत संसद चालते, विमानतळ नाही, सैन्य कधीच मोडीत काढलं," हे आमटी निवेपर्यंत चाले. मराठी मंडळाच्या पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनात तर त्यांनी माइक धरला. "आज त्यांचाही राष्ट्रीय दिन! राजा सगळ्यांना आपल्या बागेत बोलावतो." मी घरी येऊन तपासले. बरोबर होते. अप्पर हटची हद्द त्या देशाच्या तिपटीहून मोठी आहे, हेही तपासले आणि त्यांना सांगून बसलो.

"हद्दीचं काय सांगता? तुमच्या न्यूझीलंडची राणी राहते लंडनला. त्यांचा राजा गावात राहतो!"

२०१७ साली मुलाने त्यांना मराठी मंडळींच्या युरोप सहलीला पाठवले. त्यात लिश्टनस्टाइनला अर्धा दिवस होता. परत आले आणि त्या देशाबद्दल एक शब्द बोलेनात. मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, बाबा आमटी गरम असतानाच जेवून उठतात. मला धास्ती वाटते हो."

मी गेलो. ते घरामागच्या लाकडी डेकवर एकटेच बसले होते.

"काका, देश आवडला नाही का?"

"तसं नाही. वाचला होता तसाच आहे." मग म्हणाले, "आपली मंडळी पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला रांगेत लागली. मी बाकावरच्या एका म्हाताऱ्याला म्हटलं, तुमच्या संसदेत पंचवीस खासदार. तो म्हणाला, येस. विमानतळ नाही, म्हटलं. येस. अहो, त्याला सगळं माहीत होतं! तिथे माझं काय काम?"

मी डेकच्या पायरीवर टेकलो.

"तिथे शेतात काय पिकतं हो, काका?"

"खरंच विचारताय?"

"खरंच. मला ठाऊक नाही."

"द्राक्षं," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "आता बघा, डोंगर पूर्वेला, ऱ्हाइन नदी पश्चिमेला..."

आत मेहुणीने वाढलेली ताटे हळूच झाकून ठेवली.