मासवणची वांगी आणि माझे साडू

जगात कचरा नावाची वस्तूच नाही, असे मनापासून मानणारा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बोईसरला त्यांचे तळमजल्यावर घर आहे. तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे पाळ्या करून ते निवृत्त झाले आणि मग त्यांनी एकच उद्योग धरला. फुकटात रोपे उगवायची, आणि तीही शक्यतो खुर्चीतून न उठता. बी लावायला कुंडी विकत आणणाऱ्या माणसाकडे ते आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहतात. दुधाच्या पिशव्या, अंड्यांची टरफले, नारळाच्या करवंट्या कोणीही वापरेल. आमच्या साडूंनी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोडली नाहीत. एकेका खळग्यात चिमूटभर माती आणि मिरचीचे एकेक बी. "खालून भोक आयतं पडलेलं हाय. दहा गोळ्या खाल्ल्या की दहा मिरच्या," हा त्यांचा हिशेब. पाणी घालायला उठावे लागू नये म्हणून खिडकीच्या गजांना बाटल्या उलट्या टांगून त्यांच्या झाकणांना सुईने भोके पाडलेली. त्यांच्या गॅलरीत पाऊल टाकले की सगळी रोपे सलाइन लावून पडली आहेत असे वाटे.

एकदा बोईसरच्या नाक्यावर त्यांना हवालदाराने अडवले. "हेल्मेट कुठं आहे काका?" साडूंना खोटे बोलता येत नाही. म्हणाले, "घरी हाय साहेब. पण अजून चार दिवस तरी घालता नाय यायचं. मेथी कोवळी हाय." हवालदार इतका गोंधळला की दंड करायचाच विसरला. माझ्या मुलीच्या लग्नात तर यांनी कमाल केली. पंगत उठली तशी हे पिशवी घेऊन टेबलाटेबलांवरून आइस्क्रीमचे रिकामे कप गोळा करत फिरू लागले. वरपक्षाचे एक गृहस्थ काळजीने म्हणाले, "आजोबा, एवढं आइस्क्रीम बाधेल हो." साडूंनी बोट चाटून कप पिशवीत टाकला. "मला नाय, वांग्यांना लागतंय." नवी सोयरीक, त्यामुळे पुढचा महिनाभर मी व्याह्यांना वांग्यांविषयी खुलासे करत होतो.

आणि तो पडवळाचा किस्सा. पडवळाचे बी लवकर रुजत नाही, त्याला ऊब लागते. साडूंनी ओल्या फडक्यात बी गुंडाळून ती पुरचुंडी बनियनच्या आत, पोटाशी बांधून घेतली. तसेच ते तपासणीला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पोट दाबले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "ही गाठ कधीपासून आहे?" साडू म्हणाले, "मंगळवारपासून. जरा हलक्या हाताने डॉक्टर, कोंब फुटलाय."

असा हा माणूस. आम्ही सगळे त्यांना हसत आलो, आणि मी सगळ्यांत जास्त. मी शाळामास्तर होतो, शाळेची बाग वीस वर्षे सांभाळली होती. अंतर मोजून, वाफे आखून, वेळच्या वेळी खत देऊन. त्यामुळे आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला अजून घाम फुटतो.

आमच्या दोघांची सासुरवाडी मासवणची. तिथल्या परसात एक वांगे होई. हिरवे, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे, आणि चव अशी की माझी बायको अजून त्याच्यावरून बाजारातल्या वांग्यांना नावे ठेवते. पुढे ते घर विकले, परस गेले. उरले ते फक्त साडूंच्या बायकोने, म्हणजे ताईने, लग्नानंतर माहेरून पुडीत बांधून आणलेले बी. साडूंनी ते नोकरीत असल्यापासून दर वर्षी लावून, दर वर्षी धरून, चाळीस वर्षे जिवंत ठेवले. सहा वर्षांपूर्वी पावसाने त्यांची सगळी झाडे कुजवली. शेवटची चिमूट तेवढी उरली होती. नवरात्रात त्यांनी ती चौदा आइस्क्रीमच्या कपांत लावली. रोपे बोटभर झाली आणि नातीच्या बारशाला त्यांना आठ दिवस वसईला जावे लागले. कप खोक्यात घालून त्यांनी पालघरला माझ्याकडे आणून ठेवले. "मास्तर, दिवसाआड जरा पाणी शिंपडा. बस."

मला ती रोपे फिकट दिसली. लाडावलेली दिसली. मी प्रत्येक कपात चमचाभर युरिया घातला आणि खोके गच्चीवर उन्हात ठेवले. तिसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा रोपे जळून आडवी झाली. मी कोणालाही, अगदी घरातही, कळू दिले नाही. बोईसरच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून तेवढीच रोपे आणली. "हिरवं वांगं आहे ना?" असे तीनदा विचारले. "हरा ही है अंकल, टेन्शन मत लो," तो म्हणाला. कप तेच, माती तीच, रोपे दुसरी. साडू परत आले, रोपे पाहून खूश झाले. "हात चांगला हाय मास्तर तुमचा." मी चहा प्यालो.

संक्रांतीला वांगी धरली. जांभळी.

ताई साडूंवर अशी कडाडली की शेजारचे बाहेर आले. "माझ्या माहेरचं बी घालवलं या माणसाने! कुठलं बी कुठं टाकलं याचं भान नाय!" साडू त्या जांभळ्या वांग्याकडे बघत राहिले. "मी त्याच पुडीतलं लावलेलं ग," ते म्हणाले, "मला चांगलं आठवतंय." मी तिथेच बसलो होतो.

तेव्हापासून साडू बदलले. कुठे काय लावले हे आधी ते डोक्यात ठेवत, आता प्रत्येक करवंटीला चिठ्ठी. मग डब्यांना चिठ्ठ्या. मग गॅसच्या वर भिंतीवर एक मोठी चिठ्ठी, "बंद केला का?" मिरची-टोमॅटोची जास्तीची रोपे ते लोकांना वाटत, तेही सोडून दिले. आम्ही त्यालाही हसलो. नवीन वेड, म्हणालो.

गेल्या महिन्यात ते एकटेच पालघरला माझ्याकडे आले. पाणी प्याले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेले. डोकं जायला लागलं की माणसाचं पहिलं काय जातं?" मी विचारले, असे का विचारता. म्हणाले, "माझ्या मोठ्या भावाचं तसंच झालं. शेवटी मला वळखत नव्हता. माझं त्या वांग्यापासून सुरू झालं. मला अजून दिसतंय हो, ती पुडी, ते बी, माझा हात. आणि तरी जांभळं आलं. म्हंजे जे दिसतंय तेच खोटं हाय ना?"

मी त्यांना गाडीत बसवून घरी आलो आणि बायकोला सगळे सांगितले. ती म्हणाली, "उद्या सकाळी बोईसरला जायचं. मी पण येते."

साडू खुर्चीत होते, ताई बोंबील साफ करत होती. मी उभ्यानेच सांगितले. युरिया, गच्ची, नर्सरी. ताईचा हात थांबला. साडूंनी पहिला प्रश्न विचारला, "किती टाकलात?"

"चमचाभर."

"चौदा कपांत मिळून?"

"एकेका कपात."

"अरे देवा! मास्तर, तेवढ्यात एकराचं भात झालं असतं!" मग ते ताईकडे वळून हळूच म्हणाले, "म्हंजे मी बरोबरच लावलेलं." पुन्हा म्हणाले, "ऐकलंस? बरोबरच लावलेलं मी." मी माफी मागू लागलो, तशी ताईने मला हाताने थांबवले. "भावजी, तुमच्यावर मी नंतर रागावणार हाय, आणि चांगली रागावणार हाय. आता जरा गप बसा." ती उठली, मासळीचे हात धुतले, आणि गॅसच्या वरची ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली. चार वर्षांच्या धुराने चिकटली होती. निघायला वेळ लागला.

त्यानंतर मी मासवणला दोनदा जाऊन आलो. जुन्या घरांच्या परसांत डोकावलो, बायकांना विचारले. ते वांगे आता कोणाकडे नाही. एक म्हातारी म्हणाली, "व्हती खरी तशी," आणि तिथेच संपले. हे साडूंना सांगायला गेलो तेव्हा ते अंड्याच्या ट्रेमध्ये टोमॅटोचे बी टाकत बसले होते. ऐकून घेतले. हात झटकले.

"मास्तर, चव ध्यानात हाय तुमच्या?"

मी हो म्हटले.

"माझ्या पण हाय," ते म्हणाले, आणि पुढच्या खळग्यात बी टाकले.