दूधबहिणीचा रकाना

कर्जतजवळच्या कळंबमध्ये आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. "कधी आलास?" आणि "कधी चाललास?" पहिल्याचं उत्तर तोंडातून निघायच्या आत दुसरा येऊन उभा राहतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण चोवीस वर्षं दर सुट्टीत हे ऐकल्यावर मकसूदला वाटायला लागलं होतं की आपण आपल्याच गावात पाहुणे आहोत. मस्कतमध्ये तर तो परका होताच. तिथे त्याच्या ओळखपत्रावर तसं स्पष्ट छापलेलं होतं, त्यामुळे तिथे निदान गैरसमज नव्हता.

या भाद्रपदात तो आला तो कायमचा. वय एकावन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि हातात एसी दुरुस्तीची कला. मस्कतच्या गच्च्यांवर पन्नास अंशांच्या उन्हात त्याने दुसऱ्यांच्या खोल्या गार केल्या होत्या. आता कळंबच्या आसपास शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी इतके रिसॉर्ट झालेत की प्रत्येक खोलीत एक एसी, आणि तो बिघडला की माणूस बोलवायचा कल्याणहून. मकसूदने नेरळच्या रस्त्याला एक गाळा बघितला, इसार दिला आणि उरलेले पैसे दिवाळीआधी देतो म्हणून शब्द दिला. पैसे म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायचा चोवीस वर्षांचा हिशेब. तो त्याच्या मस्कतच्या खात्यात जमा व्हायचा होता, आणि तिथून मोबाइलवरून कर्जतच्या खात्यात पाठवायचा होता. त्यासाठी त्याने मस्कतचं सिमकार्ड जुन्या फोनमध्ये जिवंत ठेवलं होतं. त्याची बायको अनिसा त्या फोनला सवत म्हणायची.

गावात कुणी विचारलं, "कधी चाललास?" की तो छाती काढून सांगायचा, "आता नाय जात." ऐकणारा हसायचा. असं सगळेच म्हणतात आणि वर्षभरात पुन्हा बॅग भरतात, हे गावाला पाठ होतं.

हिशेब जमा झाला. मकसूदने पैसे पाठवायला बोट टेकवलं आणि सवतीने सांगितलं की खात्यावरचे सगळे व्यवहार तपासणीसाठी थांबवले आहेत.

त्याने बँकेला फोन लावला. पलीकडे हिंदी बोलणारा एक मुलगा होता, नम्र आणि काहीच न करू शकणारा. व्हिसा रद्द झाला की परदेशी माणसाचं खातं आम्ही तपासतो, असं त्याने सांगितलं. तपासताना त्यांना एक गोष्ट खटकली होती. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला एका बाईला थोडे पैसे गेले होते, आणि तीन वर्षांपूर्वी एकदम मोठी रक्कम. नाव ठमी पदू पारधी. नात्याच्या रकान्यात मकसूदने प्रत्येक वेळी लिहिलं होतं, बहीण.

"सर, या तुमच्या बहीण आहेत?"

"हो."

"सख्ख्या? आईचं, वडिलांचं नाव एक असल्याचा दाखला पाठवा."

असा दाखला जगातल्या कुठल्याच कचेरीत नव्हता.

गोष्ट होती ती अशी. मकसूदच्या वडिलांची कळंबला गवताची वखार होती. दसरा झाला की डोंगरातली ठाकर मंडळी गवत कापायला खाली उतरत आणि हंगामभर वखारीमागच्या छपरात राहत. मकसूद जन्मला त्या साली त्याची आई मासूमा तापाने अंथरुणाला खिळली आणि तिचं दूध आटलं. गाईचं दूध पोराच्या पोटात ठरेना. तेव्हा कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली गौराबाई छपरात होती आणि तिच्या कुशीत महिन्याची लेक ठमी होती. कुणी तिला बोलवायलाही गेलं नव्हतं. पोराचं रडणं ऐकून ती आपणहून माजघरात शिरली, ठमीला एका अंगाला घेतलं आणि मकसूदला दुसऱ्या. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दोघं तिच्या अंगावर वाढली.

मासूमाने ते मरेपर्यंत विसरू दिलं नाही. "तू दोन घरचा हायस," असं ती लेकाला सांगायची. मकसूद मस्कतला निघाला तेव्हा तिने बजावलं, माझी चोळी-बांगडी चुकली तर चुकू दे, ठमीची भाऊबीज चुकता कामा नये. ती त्याने कधी चुकवली नाही. तीन वर्षांपूर्वी ठमीचा नवरा पदू ताडावरून पडला, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मकसूदने मागचापुढचा विचार न करता होतं ते पाठवलं. नात्याच्या रकान्यात बहीण लिहिताना त्याचा हात कधीच अडखळला नव्हता. अडखळायला ते खोटं होतंच कुठे?

पण हे त्या मुलाला हिंदीत सांगितल्यावर तो म्हणाला, "सर, अशी काही सोय आमच्याकडे नाही. तुम्ही असं करा, चुकून लिहिलं गेलं, ओळखीच्या आहेत, असं लेखी द्या. मी पुढे पाठवतो. निकाल लागायला पाच-सहा महिने जातील."

पाच-सहा महिने म्हणजे गाळा गेला, इसार गेला आणि मार्च उजाडता उजाडता पुन्हा मस्कतची गच्ची. रात्री जेवताना त्याने घरात सगळं सांगितलं.

लेक सिद्रा कॉलेजात शिकणारी. तिने फोनवरचा पैसे पाठवायचा अर्ज उघडला. "अब्बा, मैत्रीण लिहिलं असतंत तर चाललं असतं बघा. इथं तसा पर्याय हाय."

"आनि मंग मला काय उत्तर दिलं असतं?" अनिसा म्हणाली. तिघंही हसले, पण हसू फार टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मकसूद लेखी द्यायला बसला. सिद्राने मजकूर टाइप करून ठेवला होता. सदर बाई माझ्या केवळ ओळखीच्या असून नात्याची नोंद चुकून झाली. खाली सही करायची तेवढी बाकी. त्याने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. ठमीला काही कळणार नव्हतं, बँकेला काही पडलेली नव्हती, आणि आई कबरीत होती. तरी सही होईना. त्याला स्वतःचाच राग आला. चोवीस वर्षं मालकापुढे होय साहेब म्हणणाऱ्या माणसाला आज कुठून ताठा आला, असं तो मनाशी चडफडला.

अनिसा तांदूळ निवडत बघत होती. ती फार वेळ गप्प बसणारी नव्हे.

"त्या पोराला काय इचारता? ते आपल्यावानी नोकर मानूस. वरच्याशी बोला."

"वरचे समदे अरब."

"मंग? चोवीस वर्सं अरबी शिकलाव ती कुनाशी बोलनार? माज्याशी?"

मकसूदने तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं बँकेला फोन लावला की मशीन विचारायचं, अरबीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. तो डोळे झाकून तीन दाबायचा. अरबी ही मालकाची भाषा. तिच्यात ऐकायचं असतं, बोलायचं नसतं, असं त्याने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. त्या गुरुवारी त्याने पहिल्यांदा एक दाबला.

पलीकडे एक बाई आली. आवाजावरून पोक्त, थोडी दमलेली. मकसूदने आपल्या गच्चीवरच्या, मोडक्यातोडक्या अरबीत सगळं सांगितलं. आईचा ताप, गवताचं छप्पर, डोंगरातली बाई. दूधबहिणीला अरबीत जो शब्द आहे तो त्याने लहानपणी मशिदीत ऐकला होता, तो उच्चारला आणि थांबला.

मग ती बाई म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, बाई. हिंदीत."

ती हसली नाही, पण आवाज सैल पडला. दुधाचं नातं म्हणजे नातंच, ते मला समजावून सांगू नका, असं ती म्हणाली. तिच्या स्वतःच्या घरात असे दोन भाऊ होते. मात्र खात्री करायला हवी. पाजणारी बाई हयात आहे का? तिच्याशी बोलता येईल का, चेहरा दिसेल असं? रविवारी सकाळी मी फोन करते.

रविवारी मकसूद, अनिसा आणि सिद्रा रिक्षाने कोंडाण्यापर्यंत गेले आणि तिथून पायवाटेने वाडीवर. ठमीने अंगण सारवून ठेवलं होतं. पैसे अडकलेत आणि ते आपल्या नावावरून अडकलेत, एवढं तिला फोनवर कळलं होतं, आणि दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"भाऊ, माज्यापायी तुजं नुसकान झालं रं," ती दारातच म्हणाली. "नको पाटवायचे मला. माजं नाव काडून टाक म्हनते मी."

"गप गं," मकसूद म्हणाला. "नाव काढायला यवढा चढ चढून आलो काय?"

वाडीत फोनला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी. पदू आपला लंगडा पाय ओढत पुढे झाला आणि कुठल्या दगडावर उभं राहायचं ते त्याने दाखवलं. गौराबाईसाठी खाट तिथेच आणली. बाई पंचाहत्तरीच्या पुढची, अंगाने काटकी, डोळे मात्र लख्ख. सिद्राने फोन धरला. पडद्यावर काळ्या रुमालातली एक गोल चेहऱ्याची बाई दिसली. तिने सलाम केला. गौराबाईने दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "जेवलीस काय गं बाय?"

मकसूदने ते अरबीत सांगितलं. पलीकडची बाई गोंधळली, मग म्हणाली की नाही, अजून वेळ आहे. मग तिने मुद्द्याला हात घातला. आमच्या धर्मात नातं लागायला किती वेळा पाजलं ते विचारतात. या आईंना विचारा, माझ्या खातेदाराला तुम्ही किती वेळा दूध दिलं?

मकसूदला हे विचारताना लाज वाटली. एकावन्न वर्षांचा, पिकल्या दाढीचा माणूस तो. मान खाली घालून त्याने विचारलं.

गौराबाईने त्याच्याकडे पाहिलं, हा परदेशात राहून येडा झाला की काय अशा नजरेने.

"किती येळा? दिवाळीधरनं शिमग्यापातूर पाजलाय. मोजत व्हते काय मी? ठमी रडायची नाय, ह्यो रडायचा. ह्येला आदी लागायचं."

मकसूदने भाषांतर केलं, शेवटचं वाक्य गाळून. सिद्राने आपल्याला येत होती तेवढ्या इंग्रजीत तेही सांगितलं. पडद्यावरची बाई तोंडावर हात ठेवून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ती पुन्हा बँकेची झाली. पाजणाऱ्या बाईची साक्ष मला पुरते, असं ती म्हणाली. हेच कागदावर लिहा, या आईंचा आणि तुमच्या बहिणीचा अंगठा घ्या, आणि फोटो पाठवा. आमच्या अर्जात हा रकाना नाही, नातं मी शेऱ्यात लिहीन.

कागद पाण्याच्या टाकीवर ठेवून लिहिला. सिद्राने मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर घातला. गौराबाईने अंगठा उठवला, ठमीने उठवला आणि मकसूदने सही केली. या खेपेला हात अडखळला नाही.

बुधवारी दुपारी अनिसा ओरडत परसात आली, "अवो, सवत वाजली!" खातं मोकळं झालं होतं. मकसूदने तिथेच केळीखाली उभ्याउभ्या पैसे कर्जतला पाठवले आणि ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत जागचा हलला नाही. निरोप आल्यावर मात्र तो ओट्यावर येऊन बसला. अनिसाने पाणी आणलं. त्याने ते अर्धं प्यायलं, अर्धं डोळ्यांवर मारलं, म्हणजे डोळे कशाने ओले आहेत ते तिला कळू नये. तिला कळलंच.

गाळ्याचे पैसे दिले. कर्जतच्या बँकेतला कारकून म्हणाला, "तुमचं हे अनिवासी भारतीयांचं खातं आहे. परत जाणार नसाल तर साधं करून घ्यावं लागेल." मकसूदने अर्ज मागून घेतला आणि सगळ्यात सुवाच्य अक्षरात भरला.

भाऊबीजेला तो वाडीवर गेला. चोवीस वर्षांत ही ओवाळणी दर साली पोचली होती, पण तबकात त्याचा हात कधी पडला नव्हता. ठमीने पाट मांडला, कुंकू लावू का म्हणून विचारलं, तो म्हणाला नुसतं ओवाळ, तेवढं पुरे. तिने ओवाळलं. त्याने खिशातून नोट काढून तबकात ठेवली, आणि ती इतकी सोपी गोष्ट आहे याचंच त्याला नवल वाटलं. ना अर्ज, ना रकाना.

खाटेवर बसलेल्या गौराबाईने जवळ बोलावून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दर सुट्टीत विचारायची तेच तिने विचारलं.

"कवा आलास रं पोरा? आनि आता जानार कवा?"

"नाय जानार, आये."

ती ठमीला म्हणाली, "तांदूळ वाईच जास्त टाक गं. ह्येला आदी लागतं."