ग्रेसच्या ऑफिसातला ग्लेन

रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत. दारातल्या मॅटवर बुटांचं पाणी साचतं तसे ते आपोआप साचतात. टोरंटोच्या नॉर्थ यॉर्कमधल्या एका होमकेअर एजन्सीत मी नऊ वर्षं काढली. म्हाताऱ्या माणसांच्या घरी आंघोळ, जेवण, औषधं बघायला बायका पाठवायच्या, हे आमचं काम. मालकीण ग्रेस आणि मॅनेजर डेलोरिस, दोघी काळ्या, मूळच्या जमैकाच्या. मी नागपूरची. तिघीही कायम दमलेल्या!

त्यातले हे ग्लेनचे.

*

दोन हजार नऊचा हिवाळा. बर्फ उपसणारा प्लाऊवाला आलाच नव्हता, म्हणून ग्रेस स्वतः फावडं घेऊन दारापुढचा बर्फ शोव्हल करत होती. पन्नाशी उलटलेला एक गोरा माणूस छातीशी फाइल धरून आला. हाच ग्लेन, गाड्यांच्या कारखान्यातून ले-ऑफ झालेला. तिला म्हणाला, "मालक आहेत का आत?"

"येतीलच. आत बसा."

तिने उरलेला बर्फ सावकाश काढला. आत आली, बूट झटकले, केबिनमध्ये जाऊन खुर्चीत बसली आणि मला इंटरकॉमवर म्हणाली, "नीलिमा, मालक आले म्हणून सांग त्यांना!"

ग्लेन उठला तो मालकांना भेटायला थेट बाहेरच्या दाराकडे निघाला. मी म्हटलं, "तिकडे नाही, इकडे."

*

इंटरव्ह्यू डेलोरिसने घेतला. केबिनचं दार कधी नीट लागायचं नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"अनुभव?"

"सत्तावीस वर्षं. गाड्यांचे ब्रेक तपासायचो."

"माणसांचा विचारतेय."

फाइलची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आई होती. शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळलेली."

"आंघोळ कोण घालायचं?"

"मीच."

"मग हे रिझ्युमेवर का नाही?"

"ते काम असतं, हे मला माहीत नव्हतं."

डेलोरिस एवढंच म्हणाली, "हो. पुष्कळांना माहीत नसतं."

*

कोर्स करून तो कामाला लागला. आमच्याकडे पुरुष पहिलाच, त्यामुळे मेन्स वॉशरूममध्ये अडल्ट डायपरचे खोके छतापर्यंत रचलेले. त्याने वॉशरूम कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा डेलोरिसने मान वर न करता सांगितलं, "खोक्यांच्या मागे!"

*

पहिल्या व्हिजिटला डेलोरिस त्याला सोबत घेऊन गेली. पेशंट आजी झोपलेल्या. त्यांची मुलगी प्रत्येक प्रश्न ग्लेनलाच विचारायची. तो डेलोरिसकडे बघायचा, डेलोरिस उत्तर द्यायची, आणि बाई पुढचा प्रश्न पुन्हा ग्लेनलाच! शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही सुपरवायझर ना? मग तुम्हीच सांगा."

"मॅडम, मला व्हिजिटचा फॉर्म कसा भरायचा ते यांनी आज सकाळी शिकवलं."

परतताना गाडीत त्याने सीटबेल्ट लावला. मग म्हणाला, "हे असं रोज होतं?"

डेलोरिस म्हणाली, "छे! रविवारी मला सुट्टी असते."

*

आता आपल्या माणसांचा. आमच्या मराठी मंडळातले एक रिटायर्ड इंजिनियर काका. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला फोन. "अगं नीलिमा, कोणीतरी बरं माणूस पाठव हं."

"बरं म्हणजे कसं, काका?"

"कळतंय ना तुला!"

कळत होतं. भांडायला हवं होतं, पण त्या दिवसातला तो माझा चाळिसावा फोन असेल. मी ग्लेनला पाठवलं. काका खूश. घरी गोरा माणूस सेवेला येतो हे त्यांनी सगळ्या मंडळाला सांगून टाकलं.

दहाव्या दिवशी पुन्हा फोन. "तो मला उठून चहा करायला लावतो गं! म्हणतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्यापेक्षा तुमच्या त्या बायकाच बऱ्या!"

ही बदली वहीत लिहिताना डेलोरिसने विचारलं, "आधी त्यांच्याकडे ग्लेनलाच का पाठवलं होतं?"

मी म्हटलं, "तो त्यांच्या घराजवळ राहतो."

तिने तसंच लिहून घेतलं. पेन ठेवलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं.

*

आणि शेवटचा. ग्रेसच्या आईला स्ट्रोक आला. आई ऐंशीच्या पुढची. तरुणपणी जमैकाहून एकटी आली आणि तीस वर्षं टोरंटोतल्या मोठमोठ्या घरांमधल्या फरशा गुडघे टेकून पुसल्या. ग्रेसला शिकवलं ते त्यावरच.

तिच्याकडे कुणाला पाठवायचं यावर ग्रेसने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ग्लेनचं नाव लिही."

फॉर्मवर सह्या हव्या होत्या, म्हणून पहिल्या सकाळी मीही गेले. आई रस्त्याकडच्या खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, पडदा ओढलेला; ग्रेस शेजारी उभी. ग्लेनने कोमट पाण्याचा टब आणला, तिच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि तिचे पाय एकेक करून धुवायला लागला. बोटांच्या मधलं पाणीसुद्धा नीट टिपलं. मग मोजे चढवायला घेतले.

आई त्याच्या डोक्याकडे बघत होती. स्ट्रोकनंतर ती फारशी बोलतच नव्हती. एका मोज्यात पाय गेला, तेव्हा तिने हात जरासा वर केला.

"ग्रेस."

"काय गं आई? दुखतंय का?"

"तो पडदा उघड. रस्त्यावरून दिसू दे."